कोरा फ्लॅश

दामूअण्णा फोटो काढण्याआधी कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि पुन्हा खाली घ्यायचे. प्रत्येक वेळी. समोरचा माणूस श्वास धरून, मान ताठ करून बसलेला असे. अण्णा कॅमेरा छातीशी धरून नुसत्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "थांबा. अजून तुम्ही आला नाहीत." गिऱ्हाईक गोंधळे. "केव्हाचा बसलोय की," असं काहीतरी पुटपुटे, जरा हसे, खांदे सैल सोडे. तेवढ्यात खट् आवाज होई. "आलात," अण्णा म्हणत आणि अंगठ्याने रोल पुढे सरकवत.

महाडच्या बाजारात, वरच्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. जिन्याच्या भिंतीवर वेगवेगळ्या वर्षांच्या पुराच्या रेघा होत्या. अण्णांनी भिंत रंगवली तरी त्या रेघा तशाच ठेवल्या. सगळ्यात वरच्या रेघेच्या चार पायऱ्या वर त्यांचं दार. आत एक पडदा, त्यावर रंगवलेला बगीचा, एक उंच स्टूल आणि मागे फोटो धुवायची लाल दिव्याची खोली. महाडपासून पोलादपूरपर्यंत ज्याच्या घरात भिंतीवर फोटो आहे, त्याने तो जिना एकदा तरी चढलेला असणार. मी दोनदा चढलो. एकदा सौदा करायला आणि एकदा भांडायला. तिसऱ्यांदा चढायला मला पंचवीस वर्षं लागली.

मी मूळचा पोलादपूरकडच्या कापडे गावचा. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आईने दुसऱ्यांच्या भातखाचरांत लावणी करून मला आणि बहिणीला वाढवलं. मी औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर पोती उचलली, मग टेम्पो चालवला, मग स्वतःचा टेम्पो घेतला. मला कुणी काही दिलं नाही, त्यामुळे सांगितलेल्या भावाला मी आजवर कधी हो म्हटलेलं नाही. लग्न ठरलं तेव्हा अण्णांकडे गेलो, तोही घासाघीस करायलाच.

अण्णांचं म्हणणं होतं की लग्नाला दोन रोल लागतील. मी म्हटलं, एकात उरकायचं.

"एका रोलात छत्तीस फोटो बसतात," ते म्हणाले. "छत्तीस माणसं घ्यायची की एकच माणूस छत्तीस वेळा, ते तू ठरव. मला दोन्ही येतं."

"तुम्ही नेमके काढा. वाया घालवू नका."

"वाया मी नाही घालवत रे. लग्नातली माणसं घालवतात. प्रत्येकाला वाटतं, आपला निघालाच पाहिजे."

अर्धा तास वाद घालून मी त्यांना एका रोलवर आणलं. जिना उतरताना मी खुशीत होतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हाच्या फोटोग्राफरांची एक युक्ती होती. मांडवात एखादा आगाऊ पाहुणा सारखा आडवा यायचा, माझा घ्या, माझा घ्या म्हणायचा. मग फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि बटण न दाबता फ्लॅशच्या मागची बारकी कळ दाबायचा. लख्ख उजेड पडायचा, पाहुणा खूश व्हायचा आणि रोलमधला फोटो वाचायचा. याला कोरा फ्लॅश म्हणत. अण्णा हे करत नाहीत असा त्यांचा लौकिक होता. "ज्याच्यावर उजेड पाडला त्याला घ्यायचंच," असं ते म्हणत.

लग्न कापड्यातच, अंगणातल्या मांडवात झालं. आई विधवा, म्हणून विधींना पाटावर चुलता आणि चुलती बसले. ती रीतच होती, मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आई चुलीपाशी होती. अक्षता पडल्यावर मी तिला हाताला धरून आणलं आणि आमच्या दोघांच्या मधे उभी केली. ती नको नको म्हणत होती. चपला कुठे राहिल्या म्हणून बायको मागे वळली, मी चप्पल शोधायला वाकलो, आणि तेवढ्या वेळात आई अण्णांच्या दिशेने दोन पावलं जाऊन परत आली. मी ते पाहिलं, पण त्याचा काही विचार केला नाही. अण्णांनी कॅमेरा वर केला, खाली घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ खाली ठेवला. "आलात," म्हणाले. उजेड पडला.

आठ दिवसांनी अण्णांनी फोटो घरी पाठवले. छत्तीस होते. चुलत्याचे दोन होते. नवरीच्या मामाचा, बँडवाल्याचा, अगदी बैलाचाही एक होता. आईचा नव्हता.

तसाच टेम्पो काढून महाडला आलो. निगेटिव्ह मागितल्या. सहा पट्ट्या, प्रत्येकीत सहा. ट्यूबलाइटसमोर एकेक धरून पाहिली. छत्तीसच्या छत्तीस जागा भरलेल्या, त्यांत आई कुठेच नाही. आईनंतर अण्णांनी आणखी अकरा फोटो काढलेले होते, म्हणजे रोल संपला होता असंही म्हणता येत नव्हतं.

"कोरा मारलात?" मी विचारलं.

अण्णा पट्ट्या गोळा करत होते. "हो," म्हणाले.

"माझ्या आईवर?"

"हो. मारला."

"का?"

ते पट्ट्या पाकिटात सरकवत राहिले. मग म्हणाले, "चूक माझी. तू असं कर, आईंना इथं घेऊन ये. स्टुलावर बसवून काढतो. आत्ता जा, घेऊन ये."

मी अल्बम काउंटरवर आपटला. काच तडकली. एका रोलवर आणलं म्हणून सूड उगवलास ना, असं मी ओरडलो. अहोजाहो त्या घडीपुरतं संपलं. चोर म्हटलं, आणखी बरंच म्हटलं. खालच्या दुकानातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. अण्णा एवढंच म्हणाले, "झालं तुझं बोलून? मग आईंना घेऊन ये."

"या जिन्यावर मी पाय ठेवणार नाही," मी म्हटलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे. तो मानूस वायट नाय."

"तुझा फोटो नाही काढला त्यानं."

"नाय काढला तर नाय काढला. मी हाय ना हितं बसलेली."

त्याच वर्षी, गणपती झाल्यावर आई तापाने गेली. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो नव्हता. मतदार ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो मी रायगड रोडवरच्या एका दुकानातून मोठा करून आणला. माझी बहीण त्याच्यासमोर उभी राहिली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "दादा, ही कोण?" तो फोटो अजून भिंतीवर आहे. त्याला हार घालताना मी दरवर्षी दामूअण्णांना शिव्या दिल्या आहेत.

माणसाचा राग कुठेतरी कामाला येतो. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा मी टेम्पो विकला आणि अण्णांच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे गाळा घेतला. फोटोग्राफीचं मला काही कळत नव्हतं, सहा महिन्यांत शिकलो. पाटी लावली, "फोटो लगेच". लग्नाच्या सुपाऱ्या घेताना मी गिऱ्हाइकाला कॅमेऱ्याच्या मागचा पडदा दाखवायचो. "हे बघा, काढला की इथं दिसतो. कोरा फ्लॅश नाही, फसवाफसवी नाही. हवे तेवढे काढतो." मग समोरच्या जिन्याकडे बोट दाखवून माझी हकीकत सांगायचो. मोठ्याने सांगायचो. बाजारात असा एक माणूस नसेल ज्याने ती दोनदा ऐकली नाही.

पाच-सहा वर्षांत समोरचा जिना ओस पडला. रंगीत रोल धुवायला अण्णा मुंबईला पाठवत, ती लॅब बंद झाली. मग रोलच मिळेनासे झाले. पासपोर्टचे फोटो माझ्याकडे येऊ लागले, शाळांचे ग्रुप फोटो आले, कारखान्यांचे कार्यक्रम आले. अण्णा सकाळी साडेनऊला दुकान उघडत, खुर्ची खिडकीशी घेत आणि लेन्स पुसत बसत. त्यांच्यासमोर गिऱ्हाईक माझ्या दुकानात चढायचं. मला वाटायचं, त्यांनी एकदा तरी खाली यावं, भांडावं. ते भांडायला येत नव्हते, याचाही मला राग येई.

समोरासमोर गाठ पडायची ती चहाच्या टपरीवर. एकदा मी चारचौघांत म्हणालो, "काय अण्णा, आज कितवा फोटो?"

"आज एकही नाही."

"माझे दुपारपर्यंत सहाशे झाले."

"सहाशे," अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले. "त्यातले किती बघितलेस?"

"गिऱ्हाईक बघतं."

"गिऱ्हाईक स्वतःला बघतं रे. त्याला बघायचं काम आपलं."

"तुम्ही बघितलंत ना माझ्या आईला. पुढं काय केलंत?"

अण्णांनी चहा संपवला, बशी ठेवली आणि गेले. आपण जिंकलो असं मला वाटलं होतं. पण त्या दिवशी दुकानात येऊन मी कामावरच्या पोरीवर विनाकारण डाफरलो.

अलीकडे एक नवंच सुरू झालं होतं. पुण्याची पोरं शिवथरघळीला जाताना महाडला थांबत आणि रोल मिळतो का, असं विचारत फिरत. त्यांच्या गळ्यात आजोबांचे कॅमेरे असत. बाजार त्यांना अण्णांचा जिना दाखवी. एक मुलगी तर चारदा आली, लाल दिव्याच्या खोलीत बसून रोल धुणं शिकली. खाली उतरल्यावर ती माझ्या दुकानासमोर मैत्रिणीला सांगत होती, "फिल्म परत येतेय बघ. सगळे परत वळतायत." मला ते झोंबलं. अण्णा दुधाची पिशवी घेऊन चालले होते, त्यांना मी हटकलं.

"ऐकलंत? तुमचे दिवस परत येतायत म्हणे."

अण्णा थांबले. "येऊ देत. पोरं चांगली आहेत. पण त्यांच्याकडं फिल्म हौसेला येते आहे, माझ्याकडं कामाला होती. हौसेला एक रोल महिनाभर पुरतो. त्यात गावातल्या म्हातारीचा फोटो कोण काढणार?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ते तुलाच करायचंय आता."

मी म्हटलं, मग तो कॅमेरा मला विका, दुकानात शोभेला ठेवतो. ते म्हणाले, "तुला नाही." मी दर वाढवला. "विलास, तू कितीही वर चढ, मी विकायला बसलेलो नाही." सौदा फसला की मला रात्रभर झोप लागत नाही. त्या रात्रीही लागली नाही.

गेल्या वैशाखात कापड्यात एका लग्नाची सुपारी होती. पोरगा मुंबईत नोकरीला, बाप नाही. पाटावर त्याचे काका-काकू. अक्षता झाल्या आणि पोराने आईला ओढत आणून मधे उभं केलं. मी चौकट बघत होतो. एवढ्यात ती बाई, पदर सावरण्याच्या निमित्ताने, दोन पावलं पुढे आली. मला म्हणाली, "दादा, मला घेव नको. नुसता उजेड पाड. माज्यासारखी बाय शुभाच्या फोटूत नको. पोराला कळू देव नको, त्याला वायट वाटंल." आणि मागे जाऊन उभी राहिली.

दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे. माझ्या हातातला कॅमेरा खाली आला. अण्णांचा यायचा तसाच. मला तो मांडव दिसला, चप्पल शोधायला वाकलेला मी दिसलो. पाच-सहा सेकंदच गेले असतील. लोक वाट बघत होते. मी कॅमेरा वर केला आणि माझा अंगठा आपोआप फ्लॅशच्या मागच्या त्या कळीवर गेला. आजच्या फ्लॅशलाही ती कळ असते. मी ती पहिल्यांदाच दाबली.

उजेड पडला. पोरगा लगेच पुढे आला. "काका, बघू."

दाखवायला काही नव्हतं. पडद्यावर आधीचा फोटो होता, त्यात नवरा-नवरी दोघंच.

"आईचा कुठाय?"

"कोरा गेला," मी म्हटलं. "चूक माझी."

"कोरा म्हणजे? आमच्याकडून एवढी सुपारी घेतली, आणि आईचाच कसा गेला?" आवाज चढला. मांडव बघायला लागला. मी त्या बाईकडे पाहिलं. तिने मान हलवली, सांगू नको म्हणून. माझ्या जिभेवर खरं कारण होतं आणि ते बोलता येत नव्हतं. आपल्याला पंचवीस वर्षं जो राग आला होता तो आज आपल्याच तोंडावर येतोय, हे मला स्पष्ट कळत होतं.

पण तो पोरगा माझ्यापेक्षा शहाणा निघाला. त्याने माझ्याकडून नजर काढून आईकडे नेली. तिचा चेहरा पाहिला. आणि हळू आवाजात विचारलं, "आई, कोण काय बोललं तुला?"

काकूने तोंड दुसरीकडे फिरवलं. पोराने आईचा हात घट्ट धरला आणि मला म्हणाला, "आता काढा." मी कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला, आणि ती बाई मान वर करीपर्यंत थांबलो. मग काढला.

हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. निगेटिव्ह तपासल्या, काच फोडली, समोर दुकान थाटलं. पण तांदूळ निवडणाऱ्या आईला मी विचारलं नव्हतं की तुला कोण काय बोललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका कारखान्यात कार्यक्रम होता. कॅमेरा खांद्याला अडकवून निघालो आणि समोरचा जिना चढलो. वर सामान बांधलेलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी अण्णांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, हे मला ठाऊक होतं, मी बघायला गेलो नव्हतो. मुलगा त्यांना डोंबिवलीला न्यायला आला होता. अण्णा गिऱ्हाइकाच्या स्टुलाशेजारी खुर्चीत बसले होते. तोंड डाव्या बाजूला ओढलं गेलं होतं.

मुलगा खोकी बांधायला आत गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, कोरा मारायला आईनं सांगितलं होतं?"

त्यांचे शब्द जड येत होते. "मी काही सांगितलेलं नाही. तू विचारलंस."

"मी तुम्हाला चोर म्हणत होतो. इतकी वर्षं."

"म्हणायचास. रस्त्यापलीकडून नीट ऐकू यायचं."

"आई गेल्यावर तरी सांगायचं."

"त्यांना शब्द दिला होता. गेलेल्या माणसाला कुठं विचारू, आता सांगू का म्हणून?" मग थोडा दम घेऊन म्हणाले, "म्हणून तर घेऊन ये म्हणत होतो. इथं स्टुलावर एकट्याच बसल्या असत्या. इथं कुणाचं शुभ-अशुभ नव्हतं."

अण्णा पुढे म्हणाले. "चेहरा फार छान आला होता त्यांचा. कॅमेऱ्याकडं बघत नव्हत्या. तुझ्याकडंही नाही. तुझी मुंडावळ एका बाजूनं सुटली होती, तिकडं बघत होत्या. हात उचलला होता बांधायला, आणि मधेच थांबवला होता. मी बघितलं आणि कळ दाबली. तेवढा एकच फोटो मी डोळ्यांनी काढला."

मुलगा बाहेर आला. मला कॅमेऱ्यासकट बघून म्हणाला, "बरं झालं आलात. अण्णांचा एक काढा ना, इथल्या पडद्यासमोर. परत हा स्टुडिओ कुठला." आणि खोकं उचलून जिन्याकडे गेला.

अण्णांनी चांगला हात वर करून मला जवळ बोलावलं. वाकडं तोंड आणखी वाकडं झालं, ते हसत होते. "विलास, या तोंडाचा नको. तो भिंतीवर लावेल. नुसता उजेड पाड. त्याला सांगू नको."

मुलगा दारात परत आला तेव्हा मी कॅमेरा वर केला होता. बगीच्याच्या पडद्यावर लख्ख उजेड पडला. "छान," मुलगा म्हणाला, "फोनवर पाठवा." आणि पुढचं खोकं उचललं.

दसऱ्याच्या आधी डोंबिवलीला अण्णा गेले. चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला. "काका, तो स्टुडिओतला फोटो राहूनच गेला, तेवढा पाठवा. तेराव्याला मोठा करून लावायचाय."

"तो आला नाही," मी म्हटलं.

"आला नाही म्हणजे?"

"कोरा गेला. चूक माझी."

मग तो जे बोलला त्यातलं बरंचसं मी स्वतः त्याच्या वडिलांना बोललो होतो. जाणूनबुजून केलंत, असं तो म्हणाला. शेवटपर्यंत वैर धरलंत, माझ्या बापाचा एक फोटो तुम्हाला काढता आला नाही, असंही म्हणाला. माझा राग नाकावर असतो, हे सगळा बाजार जाणतो. मी खिडकीशी उभा राहून समोरच्या बंद दाराकडे बघत सगळं ऐकून घेतलं, आणि त्याने फोन आपटेपर्यंत एक शब्द बोललो नाही.